क्वेट्झलकोअ‍ॅटलस, दहास एक: पंखाचं बोट बसलं, आता मान

क्वेट्झलकोअ‍ॅटलस म्हणजे टेरोसॉर, डायनोसॉरच्या काळातला उडणारा सरपटणारा प्राणी. त्याच्या दहास एक मापाच्या मॉडेलचा मागच्या नोंदीत नुसता तारेचा सांगाडा होता. आता दोन्ही पंखांची बोटं बसली आहेत आणि पंख मिटलेलेच ठेवायचे हेही पक्कं झालंय. पंख पसरून छताला टांगलेली मॉडेलं पुष्कळ दिसतात. पण पसरल्या पंखांनी सुमारे 10 मीटर भरणारा हा प्राणी पोट भरायचा जमिनीवर चालून. मला तो तसाच हवाय.

पंखाला आधार हाताच्या चौथ्या बोटाचा. बाकीची तीन बोटं आखूड, नखं असलेली, चालताना टेकणारी. चौथं मात्र तळहाताच्या लांब हाडाच्या टोकापासून मागे वळून वर कोपराकडे जातं. त्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पेराचा छेद इंग्रजी टी अक्षरासारखा आहे. बडोद्यातल्या गेंडीगेटच्या पतंगवाल्याकडून कामट्या आणल्या, एक आडवी, तिच्या मधोमध दुसरी उभी चिकटवली. सुकल्यावर वाकवून बघा! वजन जवळपास काहीच नाही आणि उभ्या दिशेने हलायला तयार नाही. पुस्तकात दहादा वाचलेलं तेव्हा हातांना कळलं.

मापांची अडचण सगळ्यांनाच येईल. 1971 मध्ये डग्लस लॉसनला टेक्ससमधल्या बिग बेंडला सापडलं ते मोठ्या जातीच्या पंखाचं हाड. त्या जातीची मान, डोकं मिळालेलंच नाही. म्हणून बाकीची प्रमाणं मी 2021 मध्ये नाव मिळालेल्या लहान जातीवरून, लॉसनीवरून घेतली. तिचे पंख साडेचार मीटरच्या आसपास, पण सांगाडा बराच पुरा आहे.

खांदा आणि दंड मुद्दाम भरदार केलेत, मांड्या बारीक. दंडाचं हाड मांडीच्या हाडापेक्षा कितीतरी दणकट असतं. मायकेल हबीब यांनी 2008 मध्ये मांडलं की टेरोसॉर चारही पायांवरून उडी घेत आणि जोर पुढच्या पायांचा असे. मला ते पूर्ण पटतं.

शिकारीबद्दल आधी कल्पना होती की हे पाण्याला चोच लावत उडत मासे टिपायचे. पण लॉसनला हाड मिळालं ती जागा तेव्हाच्या समुद्रापासून सुमारे 400 किलोमीटर आत होती, आणि लांब मानही फारशी लवचिक नव्हती. विटन आणि नेश या संशोधकांनी 2008 मध्ये करकोच्यासारखं चालत भक्ष्य वेचणं सुचवलं. मानेसाठी मी वढवाणा तलावाच्या कडेच्या शेतातले करकोचे बघत बसतो: मान उभी, मग थांबून एकदम खाली. भक्ष्य इथे बेडूक-नाकतोडे, तिथे डायनोसॉरची पिल्लंसुद्धा.

मानेचे मणके आतून पोकळ करायचे आहेत. मोरोक्कोच्या एका नातेवाईक टेरोसॉरच्या मणक्यात सायकलच्या चाकासारख्या आऱ्या सापडल्यात. बाहेरून दिसणार नाहीत, तरी एक मणका मी अर्धा उघडा ठेवणार.

तळपाटावर रैयोलीचा राजासॉरस हा मांसाहारी डायनोसॉर ठेव, असं आमच्या इथल्या काहींचं म्हणणं आहे. काळ जवळपास तोच, शेवटचा क्रिटेशस, म्हणजे डायनोसॉरच्या युगाची अखेर. पण एक टेक्ससचा, दुसरा गुजरातचा. त्याला वेगळा तळपाट मिळेल.

पंखाच्या पडद्यासाठी पतंगाच्या कागदाचे दोन थर, मध्ये रेशमी धागे, असा तुकडा करून बघतोय. खऱ्या पडद्यात ताठ तंतू होतेच. लेटेक्सवर कुणी असं केलं असेल तर घडी पडताना धागे कुठे सुटतात ते सांगा.