पावसाळा आणि त्वचेच्या मूलपेशी

आज दिवसभर प्रयोगशाळेत त्वचेच्या मूलपेशी (त्वचा सतत नव्याने घडवणाऱ्या पेशी) वाढवण्याचंच काम. कोल्हापुरात पंचगंगा चढली की हवेत ओल एवढी, की इन्क्युबेटरच्या (पेशी उबेत वाढवायच्या कपाटाच्या) ट्रेमधलं पाणी आठवड्याला बदललं नाही तर बुरशी ठरलेलीच. पाणी निर्जंतुक डिस्टिल्डच.

त्वचेचा तुकडा आला की आधी चरबी खरवडायची, मग ३-४ मिलिमीटरच्या पट्ट्या कापून डिस्पेसमध्ये (त्वचेचे थर सुटे करणारं विकर) ४ अंशांवर रात्रभर. सकाळी चिमट्याने वरचा थर अलगद सुटतो. ओढावा लागत असेल तर पट्ट्या जाड कापल्यात किंवा चरबी राहिलीय. जोर लावला की खालच्या थरातले फायब्रोब्लास्ट (तंतू बनवणाऱ्या पेशी) सोबत येतात आणि पुढे डिश तेच व्यापतात. मूलपेशी सुटलेल्या वरच्या थराच्या तळाशी असतात, म्हणून त्या मोकळ्या करायला त्याच थराला ट्रिप्सिन (पेशींमधले प्रथिनांचे दुवे तोडणारं विकर) ३७ अंशांवर १०-१५ मिनिटं, मग सीरमने (रक्तातला पेशीविरहित द्रव) त्याचं काम थांबवून ७० मायक्रॉनची गाळणी. ट्रिप्सिन जास्त वेळ ठेवणारे घाईवाल्यांपेक्षा जास्त नुकसान करतात, माझं स्पष्ट मत.

पेशी वाढवायच्या सीरमविरहित माध्यमात (पोषक द्रवात) कॅल्शियम ०.१ मिलिमोलरच्या खालीच हवं. वाढलं की पेशी एकमेकींना चिकटून परिपक्व होतात, विभाजन संपलं.

वाढलेल्या सगळ्या पेशी मूलपेशी नसतात, बरं का. होलोक्लोन, म्हणजे एकाच मूलपेशीपासून वाढलेली वसाहत, ही खरी; त्यातल्या पेशींत पी६३ (मूलपेशींची खूण असलेलं प्रथिन) भरपूर. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या उपचारात त्वचेचे थर जोडून ठेवणारं ‘लॅम-बी-३’ जनुक दुरुस्त करून एका मुलाची सुमारे ८० टक्के त्वचा बदलली, ती अशाच मोजक्या पेशींनी टिकवून धरली. म्हणून नुसती संख्या मोजू नका. थोड्या पेशी विरळ पेरून १२ दिवसांनी वसाहती रंगवून बघा.