सकाळी नऊ, रात्री नऊ

आज दादाच्या रक्तातली टॅक्रोलिमसची, म्हणजे बसवलेली किडनी शरीराने नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधाची, लेव्हल तपासायला गेलो होतो. रक्त सकाळच्या गोळीआधी द्यायचं, म्हणून भल्या पहाटेची धावपळ. त्याला आईची किडनी बसवून सहा वर्षं झाली. तेव्हापासून सकाळी नऊ, रात्री नऊ, गोळी चुकवायची नाही. त्या गोळीने हात थरथरतात, शुगर मागे लागली. किडनी मात्र आईसारखीच चिवट!

रांगेत बसून बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलबद्दल वाचत होतो. तिथल्या डॉक्टरांनी २००८ साली गोळ्यांशिवाय किडनी टिकवायच्या प्रयत्नातला पाच रुग्णांचा अनुभव छापला. किडनीबरोबर त्याच दात्याची अस्थिमज्जाही, म्हणजे हाडातला रक्तपेशी बनवणारा गरही, द्यायची. त्याआधी औषधं आणि छातीतल्या थायमस ग्रंथीवर रेडिएशन देऊन रुग्णाची प्रतिकारशक्ती नरम करायची. मग काही दिवस रक्तात दोघांच्याही पेशी एकत्र नांदतात आणि शरीर त्या किडनीला परकं मानेनासं होतं. दाते नात्यातले, पण पेशींच्या खुणा अर्ध्याच जुळणारे, म्हणजे आमच्या आईसारखे. पाचापैकी चौघांच्या गोळ्या बंद झाल्या. एकाची किडनी सुरुवातीलाच गेली, हेही खरं.

दादासाठी हे जमेल का, असं आमच्या डॉक्टरांना विचारलंच. ते म्हणाले, धोका मोठा असतो, शिवाय तुमचं ऑपरेशन होऊन गेलंय. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

दादा घरी येऊन आईला म्हणाला, "तेव्हा मज्जापण मागून घ्यायला हवी होती."

"मागितली असतीस तर दिली असती. नऊ कधीच वाजून गेले, आधी गोळी घे."