पानीवाला की मलाईवाला?

दादर स्टेशनबाहेर शहाळी विकणारा भैया कोयत्याच्या पाठीने दोनदा टकटक करतो आणि विचारतो, पानीवाला की मलाईवाला? तो खरं तर शहाळ्याचं वय विचारत असतो. फुलोऱ्यानंतर सहा-सात महिन्यांनी शहाळं पाण्याने टम्म भरतं, मग आतून मलाई धरायला लागते आणि ती घट्ट होत होत वर्षाच्या आसपास खोबरं तयार. हे पाणी म्हणजे आत वाढणाऱ्या गर्भाचा डबा हो, आणि गंमत म्हणजे सुरुवातीला त्यात केंद्रकं नुसती मोकळी तरंगत असतात, पेशींच्या भिंतीच नसतात, त्या नंतर बांधल्या जातात आणि त्या पेशी करवंटीच्या आतल्या बाजूला थर धरून बसतात, तीच मलाई. म्हणजे आपण स्ट्रॉ लावून अंडर कन्स्ट्रक्शन खोबरं पितो. १९४१ साली अमेरिकेत धोतऱ्याचे अगदी कोवळे गर्भ नारळाच्या पाण्यावर प्रयोगशाळेत वाढवले होते, दुसऱ्याच झाडाच्या पोराला चालला हा डबा!

पाण्यातली गोडी पुढे कमी होत जाते आणि खोबऱ्यात तेल भरायला लागतं, ताज्या खोबऱ्याचा जवळपास तिसरा हिस्सा तेलच. मला वाटतं सगळ्या दाण्यांची कथा थोड्याफार फरकाने अशीच आहे, पानांकडून साखर येते आणि दाणा ती बांधून ठेवतो. साखर विरघळते, पाणी ओढते, साठवायला कटकट. स्टार्च, म्हणजे त्याच साखरेच्या साखळ्या गुंफून केलेलं पीठ, आपला गपचूप पडून राहतो. कोवळा मटार सोलता सोलता निम्मा तोंडात जातो आणि जून झालेला पिठूळ लागतो तो याच्यामुळे. मेंडेलचे ते सुरकुतलेले वाटाणे आठवतायत शाळेतले, ज्याच्यावर त्याने १८६६ मध्ये पेपर छापला? त्या वाटाण्यांत स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडणारं एक एन्झाइम बिघडलेलं असतं, म्हणून स्टार्च कमी होतो, साखर जास्त उरते, साखरेमुळे पाणी जास्त येतं आणि वाळताना ते गेलं की साल चुरगळते. परीक्षेला आम्ही फक्त ३:१ लिहून मोकळे झालो, हे कोणी सांगितलं नाही.

हुरडापण तसाच. चीक भरून गेलाय पण दाणा अजून कडक झालेला नाही, असे मोजके दिवस ज्वारीला मिळतात आणि तेवढ्यासाठी मुंबईकर सुट्टी टाकून, टोल भरून शेतावर जातात. पाच-सहा दिवस उशीर झाला की मग भाकरीच. मक्याचं तर त्याहून वाईट, कणीस तोडलं तरी आत साखरेचा स्टार्च होणं चालूच राहतं, त्यामुळे ट्रकमधून येईपर्यंत गोडी उतरलेली असते, मग चौपाटीवर त्याला लिंबू-तिखट चोळतात, आणि ते छान लागतं ही गोष्ट वेगळी.

आता आंबा. इथे गाडी बरोब्बर उलट्या दिशेने जाते. कैरीच्या गरात स्टार्च ठासून भरलेला, वर सायट्रिक आणि मॅलिक आम्लं. मग एकदा इथिलीन हा फळ पिकवणारा वायू सुटायला लागला की फळाचा श्वासोच्छ्वास एकदम वाढतो, स्टार्च फुटून साखर होते, आम्लं खर्ची पडतात, हिरवा रंग मोडतो आणि कॅरोटीनचा केशरी वर येतो, पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन सुटतं आणि गर मऊ पडतो. कच्चेपणी देठाशी येणारा तो उग्र वास टर्पिन नावाच्या रसायनांचा, पण हापूसचा घमघमाट वेगळा, त्यात लॅक्टोन असतात, आणि पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या लोकांनी या वासाचा अभ्यास केलाय. (ह्या नोकरीसाठी कुठे अर्ज करायचा?) एकाच फळात गर आपला स्टार्च मोडून साखर वाटतोय, कारण त्याला खाणारं गिऱ्हाईक हवंय, आणि दोन इंचांवर कोय मात्र स्टार्च दाबून बसलीये.

चिंचेचं मात्र भलतंच. तिच्यातलं टार्टारिक आम्ल पिकल्यावरही फारसं हटत नाही, साखर नुसती वर येऊन बसते, म्हणून गाभुळलेली चिंच एकाच वेळी जीभ वळवते आणि अजून एक दे म्हणायला लावते. माझ्या मते फळाचा हाच सगळ्यात भारी टप्पा, पिकलेली चिंच आमटीत टाका.

परत हापूसकडे, कारण खरी भानगड कोयीत आहे. बहुतेक बिया शेवटी वाळतात, झोपतात, डब्यात वर्षभर राहतात. आंब्याच्या कोयीला वाळणं सोसत नाही, वाळली की मेली, त्यामुळे तिला रुजायची घाई असते. हापूस कापल्यावर आत जो पांढरट, स्पंजासारखा, आंबूस साका निघतो ना, (हजार-बाराशेची डझन घेऊन निघाला की काय होतं ते लिहीत नाही), त्याबद्दल बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या संशोधकांचं म्हणणं असं की कोय फळात असतानाच रुजण्याच्या तयारीला लागते आणि आजूबाजूच्या गरातून पाणी ओढायला लागते, मग तिथला स्टार्च नीट साखर होतच नाही. बाहेरून फळ देखणं, आत बसलेलं पोर उठून कामाला लागलेलं.

म्हणून कोकणातले जाणते बागायतदार हापूस झाडावर पुरता होऊ देत नाहीत, चौदा आणे तयार झाला की झेल्याने उतरवतात. उरलेले दोन आणे मुंबईतल्या घरात, पलंगाखाली पेंढ्यात व्हायचे असतात, आणि आमच्याकडे दिवसातून तीन वेळा पेटी उघडून प्रत्येक आंबा दाबून बघणारी माणसं आहेत, त्यामुळे ते दोन आणे काही शांतपणे होत नाहीत.