भाऊ आत आहे, म्हणून हे लिहितेय

धाकटा तुरुंगात गेला तेव्हा पहिल्या मुलाखतीला, म्हणजे भेटीला, कळव्याहून पहाटेच निघालो, आईने डब्यात खोबऱ्याच्या वड्या घेतलेल्या, आणि खिडकीवर पोचल्यावर कळलं माझं आधार घरीच राहिलंय. वड्या आत जाणारच नव्हत्या म्हणे, मग परतीच्या रिक्षात आम्ही खाल्ल्या, आई सोडून.

तर ओरिजिनल आयडी आणि केस नंबर आदल्या रात्रीच पर्समध्ये टाका. लांब राहत असाल तर तुरुंगांच्या सरकारी ई-प्रिझन्स साइटवर ई-मुलाखत बुक होते, व्हिडिओवर. पैसे एजंटकडे नको, मनी ऑर्डर करा, त्यातून कँटीनचं साबण-बिस्किट होतं.

आणि वकिलासाठी मंगळसूत्र मोडू नका हो! कोठडीतल्या माणसाला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, १५१०० वर फोन करा नाहीतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. दिवसही मोजत रहा, नव्या बीएनएसएसचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम ४७९ आहे ना, पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ झाला की जामिनाचं वकिलाला विचारा, फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना किंवा एकाहून जास्त केसेस असतील तर मात्र ते लागू नाही.

आई दर वेळी एवढंच विचारते, जेवलास का. तो हो म्हणतो.