हीट पंपाचं अनुदान: साडेसात हजार पौंड सहज मिळाले, अडलं ते केबलपाशी

हीट पंप म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या मदतीने आत ओढून घर आणि पाणी तापवणारं यंत्र. त्यासाठी कोणालाही फोन करायच्या आधी मीटरचं कपाट उघडा, टॉर्च घ्या आणि खाली वाकून बघा. मीटरखाली एक काळा किंवा करडा डबा असतो. त्याला कटआउट म्हणतात, वीज कंपनीचा मुख्य फ्यूज त्यात असतो. त्या डब्याच्या तळाला एकच जाड केबल जमिनीतून येत असेल तर तुमचं काम बहुधा सरळ होईल. दोन जाड केबली दिसल्या, किंवा आमच्यासारखी केबल शेजारच्या भिंतीतून आत आलेली दिसली, तर पुढचं नीट वाचा. ही एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर आमचा अख्खा वसंत ऋतू फोनवर गेला नसता.

आम्ही लंडनपासून गाडीने दीडेक तासावर राहतो. घर १९३० च्या दशकातलं, सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. गॅसचा कॉम्बी बॉयलर म्हातारा झाला होता. थंडीत मध्येच बंद पडायचा आणि दर वेळी दुरुस्तीवाला पुढचा कुठलातरी भाग सांगायचा. नवा गॅस बॉयलर घ्यायचा की हीट पंप, यावर घरात बरीच चर्चा झाली. गॅस बॉयलरला सरकारी अनुदान मिळत नाही. अनुदानाच्या योजनेचं नाव बॉयलर अपग्रेड स्कीम, त्यामुळे अनेकांचा गैरसमज होतो, म्हणून आधीच सांगते. इंग्लंड आणि वेल्समध्ये गॅस, तेल वगैरेंवर चालणारी जुनी यंत्रणा काढून हवेतून उष्णता घेणारा हीट पंप लावला तर ७,५०० पौंड मिळतात. २०२२ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा ही रक्कम ५,००० होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये वाढली. गॅस बॉयलर ठेवून जोडीला छोटा पंप, अशी मिश्र यंत्रणा चालत नाही. शिवाय ३१ मार्च २०२७ पर्यंत या कामावर व्हॅट शून्य आहे.

पैसे आपल्या खात्यात येत नाहीत. एमसीएस प्रमाणपत्र (अशा कामाच्या दर्जाचं) असलेला इन्स्टॉलर, म्हणजे पंप बसवणारा, आपल्या वतीने ऑफजेम या सरकारी ऊर्जा नियामकाकडे अर्ज करतो, ऑफजेम व्हाउचर देतं आणि तेवढी रक्कम आपल्या बिलातून वजा होते. ऑफजेमकडून आपल्याला एक ईमेल येते, 'हा इन्स्टॉलर तुमच्या वतीने अर्ज करतोय, तुमची संमती आहे ना?' त्यातल्या लिंकवर मुदतीत उत्तर द्यावं लागतं. स्पॅम फोल्डर रोज बघा, आमची तिथेच पडली होती. आम्ही २०२५ मध्ये केलं तेव्हा चालू ईपीसीही, म्हणजे घर किती ऊर्जा खातं याचं प्रमाणपत्र, लागत होतं, ते दहा वर्षं चालतं. पूर्वी त्यात लॉफ्ट (छताखालचा माळा) किंवा पोकळ भिंतीच्या इन्सुलेशनची शिफारस असेल तर आधी ते काम करावं लागायचं. मे २०२४ पासून ती अट गेली आहे. तरी लॉफ्टमध्ये जाड थर घालून घ्याच. अनुदानाचा प्रश्न नाही, पण घरातून उष्णता निसटत असेल तर पंप उगाच मोठा घ्यावा लागतो.

अर्जाचा हा सगळा भाग विनासायास झाला. ऑफजेमबद्दल माझी काही तक्रार नाही.

अडलं ते वीज पुरवणाऱ्या नेटवर्क कंपनीपाशी. आपण ज्यांना बिल भरतो ते हे नव्हेत. रस्त्याखालच्या तारा ज्यांच्या मालकीच्या असतात ते हे, डीएनओ. हीट पंप लावायचा तर त्यांना कळवावं लागतं. इन्स्टॉलर फॉर्म भरतो आणि कटआउट, मीटर, फ्यूजबोर्ड यांचे फोटो जोडतो. आमचे फोटो गेले आणि उत्तर आलं की तुमचा पुरवठा 'लूप्ड' आहे, तो सुटा केल्याशिवाय पंपाला परवानगी नाही. म्हणजे रस्त्यावरून येणारी केबल आधी शेजारच्या घरात जाते आणि त्यांच्या कटआउटमधून फुटून भिंतीतून आमच्याकडे येते. दोन घरांना मिळून एकच केबल. घरात दिवे, टीव्ही आणि किटली एवढंच होतं त्या काळी ते पुरत होतं. जुन्या सेमी आणि टेरेस, म्हणजे ओळीने चिकटून बांधलेल्या, घरांमध्ये ही व्यवस्था सर्रास सापडते. इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर लावणाऱ्यांनाही हाच अडथळा येतो.

नियम मला मान्य आहे. एका केबलवर दोन घरांचा जड भार टाकू नये, हे बरोबरच आहे. लूप काढायचा खर्चही सहसा डीएनओ स्वतः करतो, आमच्याकडून एक पेनी घेतली नाही. माझा राग आहे तो कामाच्या पद्धतीवर. पहिल्या उत्तरात फक्त एक जॉब नंबर होता आणि 'प्लॅनिंग टीम संपर्क करेल' असं वाक्य. कोण, कधी, काही नाही. फोन केला की दर वेळी नवीन माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं, मग तो म्हणणार, 'आय कॅन सी इट्स विथ प्लॅनिंग.' प्लॅनिंगला थेट फोन लागत नाही. बऱ्याच फोनांनंतर एका बाईंनी फाइल उघडून शांतपणे सांगितलं की काम शेजाऱ्याच्या संमतीसाठी थांबलं आहे. 'त्यांना पत्र पाठवलंय. उत्तर आलेलं नाही.'

पत्र गेलं होतं शेजारच्या घराच्या पत्त्यावर. तिथे एक तरुण पोलिश जोडपं भाड्याने राहतं. घरमालकाच्या नावाचं पाकीट त्यांनी इतर टपालाबरोबर ठेवून दिलं होतं, त्यांचा काही दोष नाही. लेटिंग एजंटकडे गेले तर तो म्हणाला, मालकाचा पत्ता देता येत नाही, निरोप पोचवतो. निरोप पोचला की नाही, देव जाणे. आणि इकडे व्हाउचरचे दिवस संपत चालले होते. हवेवरच्या पंपाचं व्हाउचर मिळाल्यापासून तीन महिने चालतं. तेवढ्यात पंप बसवून, चालू करून इन्स्टॉलरने पैसे मागायचे असतात. नाहीतर पुन्हा अर्ज, पुन्हा संमतीची ईमेल. आमच्या इन्स्टॉलरने डीएनओचं उत्तर यायच्या आधीच व्हाउचर घेऊन ठेवलं होतं. तुमच्या इन्स्टॉलरला स्पष्ट सांगा, आधी डीएनओची मंजुरी हातात येऊ दे, मग ऑफजेमचा अर्ज. आमचं पहिलं व्हाउचर तसंच बाद झालं. दुसरं मिळालं, रक्कमही तीच राहिली, पण मधल्या काळात योजनेचे नियम बदलले तर काय, या धास्तीने झोप लागत नव्हती.

शेवटी मी डीएनओची वाट बघणं सोडलं. इंग्लंडमध्ये कुठल्याही घराचा नोंदणीकृत मालक कोण हे लँड रजिस्ट्रीच्या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही बघता येतं. ७ पौंड भरायचे, टायटल रजिस्टर लगेच डाउनलोड होतं, त्यात मालकाचं नाव आणि टपालाचा पत्ता असतो. नावात सरकारी शब्द घातलेली खासगी संकेतस्थळं याच कागदाचे बरेच जास्त पैसे घेतात, तिथे जाऊ नका. मालक निघाले एक वयस्कर पंजाबी गृहस्थ, दुसऱ्या शहरात राहणारे. मी त्यांना हाताने पत्र लिहिलं, सोबत आमच्या कटआउटचा फोटो आणि जॉब नंबर. पत्र मिळताच त्यांचा फोन आला.

फोनवर आधी इंग्रजी, मग आपोआप हिंदी. त्यांचा पहिला प्रश्न, 'बेटा, ये मेरे घर की दीवार तोड़ेंगे क्या?' मी म्हटलं, 'नहीं अंकल, सिर्फ मीटर के डिब्बे में काम है.' खड्डा आमच्या अंगणात होणार, नवी केबल आमच्या घराला येणार, त्यांच्याकडे कटआउटमधून आमची तार काढून टाकणार आणि त्या वेळात काही तास वीज बंद राहणार. खर्च डीएनओचा. त्यांच्या घराला मग स्वतंत्र केबल राहील, उद्या भाडेकरूने चार्जर मागितला तर हा प्रश्न उरणार नाही. मी फॉर्म ईमेल केला, त्यांनी सही केली आणि मुलाकडून स्कॅन करून परत पाठवला. डीएनओला जे कित्येक आठवडे जमलं नाही ते एका पत्राने आणि एका फोनने झालं. याचा मला अभिमान आहे, आणि संताप तर अजून आहेच. संमती आपल्याला मिळवावी लागू शकते, एवढं एक वाक्य त्यांच्या पहिल्या ईमेलमध्ये का नसावं?

संमतीनंतरही आमची तारीख पुढे गेली. फूटपाथ खणायला कौन्सिलचा परवाना लागतो, तो डीएनओने काढला. ठरलेल्या दिवशी माणसं आली तर नेमकी खणायच्या जागेवर कोणाचीतरी व्हॅन उभी. माणसं तशीच परत गेली. म्हणून तारीख मिळाली की आदल्या रात्रीच ती जागा आपली गाडी लावून अडवून ठेवा आणि सकाळी ते आले की काढा. आसपासच्या घरांत चिठ्ठ्याही टाका.

हे सगळं चालू असताना मी लेखी तक्रारही केली होती. फोनवर कुरकुर केली तर ती कुठे नोंदली जात नाही. विषयात 'कम्प्लेंट' हा शब्द घालून ईमेल करा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. आठ आठवड्यांत तिचा निकाल लागला नाही तर एनर्जी ऑम्बुड्समनकडे, म्हणजे ऊर्जा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, फुकट जाता येतं. डीएनओही त्यांच्या कक्षेत येतात. आम्हाला तिथपर्यंत जावं लागलं नाही, पण तक्रार क्रमांक मिळाल्यानंतर एक ठरावीक माणूस आमची फाइल बघू लागला, आणि त्याचा थेट ईमेल पत्ता मिळाला.

काम करणारी माणसं मात्र फार चांगली होती. अंगणात अरुंद चर खणला, रस्त्याखालच्या चिखलातून जुनी केबल उघडी केली. तिच्यावरचं डांबरी कापड आणि आतलं शिशाचं आवरण कापून नवी केबल जोडताना मी शेजारी उभी राहून बघितलं. त्यांच्या फोरमनने सांगितलं, ही केबल घराइतकीच जुनी. संध्याकाळपर्यंत चर बुजवला, आमचा मुख्य फ्यूजही ६० अँपिअरचा काढून १०० चा घातला.

मग पंप बसायला एक आठवडाही लागला नाही. त्यातली एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. कॉम्बी बॉयलरला टाकी नसते, हीट पंपाला गरम पाण्याची मोठी टाकी लागतेच. ती कुठे ठेवणार, हे कोट, म्हणजे खर्चाचा अंदाज, घेतानाच ठरवा. आमच्याकडे वरच्या मजल्यावरचं कपाट गेलं. त्यात दिवाळीचे आकाशकंदील, मोठी पातेली आणि पाहुण्यांची अंथरुणं होती. ते सामान कुठे ठेवायचं यावर सासूबाई अजून नाराज आहेत. फुलक्यांसाठी त्यांना आच हवी, म्हणून स्वयंपाकाचा गॅस ठेवला. अनुदानाला त्याची आडकाठी नाही, पण गॅसचा रोजचा स्थिर आकार चालूच राहतो.

कोट निदान तीन घ्या, आणि जो माणूस प्रत्येक खोली मोजून, खिडक्या बघून उष्णता किती निसटते याचा हिशोब देईल त्यालाच काम द्या. दोन जणांनी आम्हाला फोनवरच पंपाचा आकार सांगितला होता, त्यांना आम्ही तिथेच नकार दिला. आमच्या माणसाने रेडिएटरमधलं पाणी ४५ अंशांवर ठेवून हिशोब केला आणि बैठकीतले दोन रेडिएटर मोठे केले. हे महत्त्वाचं आहे, कारण वीज गॅसपेक्षा फार महाग आहे. आमचा पंप बसला त्या सुमारास वीज युनिटला साधारण २७ पेन्स होती आणि गॅस ७. पंप एका युनिटातून साडेतीन-चार युनिट उष्णता देत असेल तरच हिशोब जुळतो, आणि पाणी जितकं कमी तापवावं लागेल तितकं ते जमतं. हीट पंपासाठी वेगळे वीजदर देणाऱ्या कंपन्या आहेत, त्यासाठी स्मार्ट मीटर लागतो. तोही आधीच लावून घ्या. बिल निम्मं होईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आमचं जवळपास पूर्वीइतकंच येतं, घर मात्र रात्रभर सारखं उबदार राहतं.

मंडळातल्या दोघीतिघींनी शेजाऱ्याला काय लिहिलं ते विचारलं, म्हणून पत्रातले मुद्दे देते. आपण कोण आणि कुठल्या घरात राहतो. दोन्ही घरांना एकच केबल आहे आणि डीएनओ ती वेगळी करून देणार आहे. खर्च त्यांना शून्य. त्यांच्या घरात काम कुठे आणि किती वेळ, वीज किती तास बंद. त्यांचा फायदा काय. डीएनओचा जॉब नंबर, म्हणजे त्यांना स्वतः खात्री करता येईल. आणि शेवटी आपला फोन नंबर, मोठ्या अक्षरांत.