चौकातल्या टेबलावरची लाठी

गणपतीच्या आरतीला आमच्या चाळीचा चौक पुरत नाही. 26 नोव्हेंबरच्या संध्याकाळी, शहीद पोलीस तुकाराम ओंबळ्यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, मात्र खुर्च्या उरतात. मंडळाच्या बैठकीत मी हा विषय दरवर्षी काढतो आणि दरवर्षी एकच उत्तर मिळतं: "लोक डोंबिवली-विरारला राहायला गेले, कुठून येणार?" मला हे पटत नाही. दहीहंडीला हीच माणसं विरारहून येतात. गिरगाव चौपाटी आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. 2008 च्या अतिरेकी हल्ल्यात ओंबळे तिथेच पडले, म्हणजे आमच्या दारातच, असंच आम्ही धरून चालतो.

दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, अहवालवाचन सगळं रीतसर होतं. मी थांबलेला असतो काकांसाठी. काका आधी सैन्यात सिग्नल्सला, म्हणजे संदेशवहनाच्या दलात होते, मग मुंबई पोलिसांत आले. ओंबळ्यांचाही रस्ता हाच. सिग्नल्समधून नाईक म्हणून निवृत्त झाले, 1991 साली पोलिसांत भरती झाले आणि पुढची सतरा वर्षं खाकीत काढली. ओंबळ्यांचं गाव साताऱ्याच्या जावळी तालुक्यातलं केडंबे. काकाही साताऱ्याकडचेच, त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलताना काकांचा सूर भावकीतल्या माणसाबद्दल बोलावं तसा होतो.

ते भाषण करत नाहीत, सांगतात. "सिग्नलवाल्याचं काम तार जोडायचं. तुटली की रात्री-अपरात्री शोधत जायचं. आमचं ब्रीदच तीव्र चौकस. ती सवय वर्दी बदलली म्हणून जात नाही बाळांनो." मग त्या रात्रीवर येतात. मध्यरात्र उलटून गेलेली, चौपाटीवर नाकाबंदी. पळवलेली स्कोडा अडथळ्यांपाशी थांबली. चकमकीत एक अतिरेकी मारला गेला. दुसरा, कसाब, एके-47 घेऊन समोर. ओंबळ्यांकडे फक्त लाठी. त्यांनी बंदुकीची नळी धरली, गोळ्या अंगावर झेलल्या, पण पकड सोडली नाही. म्हणून सहकाऱ्यांच्या हाती कसाब जिवंत लागला.

इथे काका फोटोशेजारची लाठी उचलतात. घरून कापडात गुंडाळून आणलेली असते. ती आडवी धरतात, दोन्ही मुठी आवळतात आणि गप्प उभे राहतात. पहिल्या रांगेतून त्यांच्या बोटांची पांढरी पडलेली पेरं दिसतात. कडेवरची पोरंसुद्धा तेवढा वेळ चिडीचूप. एवढ्या वर्षांत माझे डोळे कोरडे राहिलेत असं एकदाही झालेलं नाही.

एका वर्षी नेमके याच वेळी प्रमुख पाहुणे उठले, त्यांना पुढचा कार्यक्रम होता. त्यांच्यामागून दहा-बारा जण खुर्च्या सरकवत गेले. काका तसेच उभे होते. तेव्हापासून प्रमुख पाहुणा नकोच, असं मी म्हणतो. अजून मला बहुमत मिळालेलं नाही.

आठवीतल्या एका मुलीचं बोलणंही मनात राहिलंय. 26 जानेवारी 2009 ला ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं, हे सगळी मुलं सांगतात. हिने सांगितलं, 2021 मध्ये ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला आयसियस तुकारामी असं त्यांचं नाव दिलंय. "कुठल्याही भिंतीवर तो दिसेल," ती म्हणाली आणि सगळ्यांनी माना वळवून चाळीच्या भिंतीकडे पाहिलं. पोरीचा मला फार अभिमान वाटला.

आता नावानिशी नाही तरी आठवणीने सगळ्यांचे आभार मानायलाच हवेत. स्पीकरचा एक पैसा न घेणारे मांडववाले. पहाटे दादरहून झेंडू आणून हार करणाऱ्या मावशी. रांगोळीवाल्या दोघी जावा. घसा बसलेला असतानाही सूत्रसंचालन करणारे दुसऱ्या मजल्यावरचे सर. आपल्या मीटरवरून वायर सोडू देणाऱ्या पहिल्या मजल्यावरच्या आजी. सतरंज्या झटकून घड्या घालणारी पोरं. कार्यक्रम संपेपर्यंत गाडी बाहेर काढणार नाही, असा शब्द देऊन तो पाळणारे टॅक्सीवाले मामा. काकांना जिन्यावरून हात धरून उतरवणारी त्यांची सून. आणि चहाच्या किटल्या परत न्यायला आलेला तो हॉटेलातला मुलगा, जो काका उभे होते तोवर किटल्या खाली ठेवून कोपऱ्यात ताठ उभा राहिला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.