घर एक, चुली दोन

ॲडमिशनच्या सीझनला सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या लॅपटॉपच्या दुकानात दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं, "अभ्यासाला पाहिजे, पण गेमपण चालला पाहिजे." गिऱ्हाईक स्टिकर वाचतं, कीबोर्डाखालचे रंगीत दिवे बघतं आणि ऑनलाइन कितीला आहे म्हणून मोबाईल काढतं.

त्या दिवशी तासगावहून तिघं आली. वडील, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला लागलेली मुलगी आणि अकरावीतला मुलगा. लॅपटॉप मुलीसाठी, पण तोंड उघडलं मुलानं. "काका, व्हॅलोरंट चाललं पाहिजे."

पुण्याच्या मामानं ॲपलचा मॅक घ्या म्हणून सांगितलेलं. मशीन झकास, बॅटरीला तर तोड नाही. पण व्हॅलोरंट त्यावर येतच नाही, काउंटर-स्ट्राइक 2 नं 2023 मध्ये मॅक सोडला आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपा आल्यापासून मॅकवर विंडोज टाकायची बूट कॅम्पची सोयही गेली. मामा मंडळी सल्ला देऊन मोकळी होतात.

मुलीला विंडोजऐवजी लिनक्स हवं होतं. म्हणाली, "विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं स्टीमचं प्रोटॉन 2018 पासून आहे, त्यांचा हातातला गेमिंग पीसी स्टीम डेकपण लिनक्सवरच चालतो. मग अडचण काय?" अडचण भावाच्या गेमचीच. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड, म्हणजे चीटिंग पकडणारा पहारेकरी, विंडोजच्या पार कर्नलपाशी, म्हणजे गाभ्याशी बसतं. लिनक्सवर ते चालतच नाही. एकट्यानं खेळायचे गेम असते तर मी तिच्याच बाजूनं बोललो असतो.

शेवटी म्हटलं, एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकू. इतका वेळ गप्प असलेले वडील म्हणाले, "म्हंजे घर एक आन् चुली दोन."

मग तिनं विचारलं, "काका, याचं ग्राफिक्स किती वॅटचं?" हे आमच्या काउंटरवरच्या पोरांनाही माहीत नसतं. आरटीएक्स 4050 हे ग्राफिक्स चिपचं एकच नाव, पण लॅपटॉपमध्ये ते 35 पासून 115 वॅटपर्यंत कितीही असू शकतं. वॅट कमी तसा गेम मंद. कंपन्या नाव मोठ्या अक्षरात छापतात आणि वॅट वेबसाइटच्या तळाशी दडवतात. मी दोन डेमो मशीन शेजारी ठेवून एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधलं सिस्टम इन्फर्मेशन उघडून दाखवलं. पातळ, देखणं आणि महाग होतं त्याचा आकडा निम्म्याच्या आसपास. मुलगा दिव्यांकडे बघत होता, ती आकडा वहीत लिहून घेत होती.

जाड मशीन ठरलं. 2.3 किलो, वर चार्जरची वीट. मागचं झाकण उघडून एसएसडीची दुसरी जागा रिकामी आहे ना, तेही तिनं बघून घेतलं. तिथं तिची वेगळी डिस्क बसवली.

खरी गंमत पुढंच. विंडोज 11 वर व्हॅनगार्डला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप आणि सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर आत सोडणारी सोय, दोन्ही चालू लागतात. उबंटूत, म्हणजे तिच्या लिनक्सात, ग्राफिक्ससाठी एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकायचा म्हटलं की यूट्यूबवाले बिनधास्त सांगतात, सिक्युअर बूट बंद करा. ते केलं की इकडं व्हॅलोरंट 'व्हॅन 9003' हा एरर दाखवून बसतं आणि पोरं मशीन खराब म्हणून दुकानात आणून आपटतात. सिक्युअर बूट चालू ठेवूनही ड्रायव्हर बसतो. टाकताना एक पासवर्ड मागतो. रीस्टार्ट झाल्यावर निळा स्क्रीन येतो, त्यात 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. निळं दिसलं की लोक घाबरून 'कंटिन्यू' दाबतात आणि ड्रायव्हर काही चालू होत नाही. मी ते तिच्याच हातून करून घेतलं. त्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची, रिकव्हरी की वहीत उतरवून घ्यायला लावली.

सामान बांधताना वडिलांनी बॅग उचलून बघितली. "रोज येश्टीतनं हिलाच न्ह्यायचाय की हे." कुणी काही बोललं नाही. कॉलेज तिचं, ओझं तिचं आणि मशीन ठरवलं भावाच्या गेमनं. गेमची यादी तिनं आणली असती तर घरच्यांनी ती मनावर घेतली असती का, हे मात्र मला अजून उमगलेलं नाही.

मशीन चालू करताना विंडोज आणि उबंटूची यादी येते, त्यात वर काय ठेवायचं, हे मी तिलाच विचारलं. "उबंटू," म्हणाली. भावानं तोंड वाकडं केलं.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "काका, त्या यादीत विंडोज सगळ्यात वर कसं आणायचं?"

"ताईला विचार," म्हटलं.